नवी गाडी आणि पहिले सहाशे मैल

गेल्या ऑक्टोबरात आम्ही नवी गाडी घेतली. आयुष्यातली पहिली कोरी गाडी. नाशिकहून माझे बाबा सहा महिन्यांसाठी आलेले होते, त्यामुळे सगळे कसे रीतसर झाले. बायकोने बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडू मिळाला नाही म्हणून दुकानातून शेवंतीची कुंडी आणून तिची फुले वाहिली, टायरखाली लिंबे ठेवली आणि आम्ही तिघे चक्कर मारायला निघालो. नेपरव्हिलहून आय-८८ वर लागलो, गाडीने पासष्टचा वेग घेतला, आणि शेजारी बसलेल्या बाबांनी डॅशबोर्ड घट्ट धरला.

"अरे, हे काय चाललंय? हजार किलोमीटर होईपर्यंत पन्नासच्या वर न्यायची नाही! इंजिन नवं आहे, रिंगा बसू देत."

बाबांचे पन्नास म्हणजे ताशी ५० किलोमीटर, अर्थात ३१ मैल. आय-८८ वर ३१ मैलांनी गाडी चालवली तर रिंगा बसण्याआधी मागचा ट्रक आपल्यावर येऊन बसेल, हे मी त्यांना सांगितले. ते गप्प बसले, पण त्यांना पटलेले नव्हते.

सोमवारी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने बरोबर उलटे सांगितले. "हळू चालवलीस तर इंजिन जन्मभर सुस्त राहील. पहिल्याच दिवशी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पळवायची, म्हणजे रिंगा नीट बसतात." आणि ज्याच्याकडून गाडी घेतली तो विक्रेता म्हणाला होता, "आजकालच्या गाड्यांना काही लागत नाही, बिनधास्त चालवा." तीन माणसे, तीन मते.

मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आणि पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाला. आपल्या मंडळात या जातीचे बरेच लोक आहेत, त्यामुळे लाज वाटण्याचे कारण नाही. पण बाबांच्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही, हे मात्र लागले. मग शिकलेले पुन्हा उजळले, गाडीबरोबर येणारी पुस्तिका पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. घराखालोखाल आपली सर्वांत मोठी खरेदी गाडीचीच असते. तेव्हा 'आरोग्य आणि अर्थ' या सदरात इंजिनाच्या आरोग्याला थोडी जागा मिळायला हरकत नसावी.

इंजिनात नेमके बसते काय?

पिस्टन म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला दट्ट्या. तो सिलिंडरमध्ये वरखाली होतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये थोडी फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. ही फट बंद करण्याचे काम पिस्टनवरच्या रिंगा करतात. सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः जळलेल्या वायूचा दाब खाली निसटू देत नाहीत आणि खालची भिंतीवरचे जास्तीचे तेल निपटून काढते. रिंगा भिंतीला नीट टेकल्या नाहीत तर दोन गोष्टी होतात. दाब खाली निसटतो, म्हणजे ताकद कमी मिळते. आणि तेल वर चढून पेट्रोलबरोबर जळते, म्हणजे आपण म्हणतो तशी गाडी 'ऑइल खाते'.

आता गंमत अशी, की सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. कारखान्यात मुद्दाम तिच्यावर बारीक तिरक्या ओरखड्यांची जाळी काढलेली असते. ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा होता त्यांना हे लगेच समजेल. पाटा झिजून गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, नुसती निसटते. मग दारावर येणाऱ्या बाईकडून पाट्याला टाकी लावून घ्यावी लागे. सिलिंडरचे ओरखडे म्हणजे अशीच टाकी. या बारीक चरांत तेल धरून राहते आणि रिंगांना वंगण मिळत राहते.

टाकी लावलेल्या पाट्यावरचे पहिले वाटण कचकचीत निघते. ते आपण टाकून देतो, आणि दोनचार वेळा वाटण झाल्यावर पाटा कामाला लागतो. इंजिनाचेही तसेच आहे. ओरखड्यांची वरची टोके आणि रिंगांच्या कडा एकमेकींवर घासून किंचित झिजतात आणि दोन्हींचे पृष्ठभाग एकमेकांना जुळतात. चर राहतात, टोके जातात. रिंगा बसणे म्हणतात ते हेच.

बाबांचे म्हणणे कुठून आले?

बाबांनी १९९३ साली मारुती ८०० घेतली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन. पहिल्या फुकट सर्व्हिसिंगपर्यंत हजार किलोमीटर व्हायचे होते, आणि बाबांचे ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर. म्हणून दर रविवारी आम्ही त्र्यंबकेश्वरला जात असू. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, तेही पन्नासच्या आत. सायकलवाले सोडून सगळे आम्हाला ओलांडून जात. इतक्या लहान वयात इतके देवदर्शन आमच्या वर्गात दुसऱ्या कुणाला घडले नसेल!

पण बाबांचा नियम हवेतून आलेला नव्हता. त्यांनी तो त्यांच्या वडिलांच्या पिढीकडून घेतला होता, आणि त्या पिढीच्या गाड्यांना तो लागू होता. फियाट आणि ॲम्बॅसॅडरच्या काळात सिलिंडरचे यंत्रकाम आजच्या मानाने ओबडधोबड असे. ओरखड्यांची टोके उंच, भागांच्या मापात फरक जास्त आणि तेलही आजच्याइतके चांगले नाही. अशा इंजिनाला पहिल्याच दिवशी पळवले तर घर्षणाने भाग जास्त तापत आणि पिस्टन चक्क सिलिंडरमध्ये अडकून बसण्याची भीती असे. म्हणून त्या काळच्या पुस्तिकांत वेगाची मर्यादा स्पष्ट लिहिलेली असे. इंग्लंडमध्ये तर लोक मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी चिठ्ठी लावत. म्हणजे 'इंजिन बसते आहे, कृपया पुढे जा.' बाबांच्या मारुतीलाही अशी चिठ्ठी शोभली असती.

आता काय बदलले?

सर्वांत मोठा बदल झाला तो सिलिंडर घासण्याच्या पद्धतीत. आता आधी जाडसर दगडाने खोल चर काढतात आणि नंतर बारीक दगडाने फक्त वरची टोके सपाट करतात. म्हणजे पूर्वी जी झीज गिऱ्हाइकाने हजार किलोमीटर चालवून करायची, तिच्यातली बरीचशी आता कारखान्यातच होते. जी टोके उरतात त्यांची उंची मायक्रॉनच्या हिशेबात असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून कल्पना यावी.

दुसरे म्हणजे, मापातले फरक कमी झाले आणि तेले सुधारली. तिसरे, इंजिनावर आता संगणक बसला आहे. फेरे ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ लागले की तो पेट्रोलच तोडतो. माझ्या व्यवसायाचा इंजिनाला झालेला हा एक उपयोग म्हणायचा.

म्हणजे विक्रेता बरोबर होता का? अर्धा. काम थोडे उरले आहे, संपलेले नाही. पूर्वी जोडलेले प्रत्येक इंजिन कारखान्यात पेट्रोलवर चालवून बघत. आता बऱ्याच ठिकाणी ते विजेच्या मोटरने नुसते फिरवून, दाब आणि आवाज मोजून तपासतात. त्यामुळे प्रत्यक्ष ज्वलनाच्या दाबाखाली रिंगांचे बसणे मोठ्या प्रमाणात आपल्याच हाताखाली होते. शिवाय इंजिन म्हणजे सगळी गाडी नव्हे. गिअरचे दात, ब्रेकचे पॅड आणि टायर हेही नवेच असतात.

हळू चालवणे म्हणजे सांभाळणे नव्हे

आता सहकाऱ्याच्या मताकडे वळू. त्याचे टोक चुकीचे असले तरी त्यात तथ्य आहे, आणि मला स्वतःला ते नव्याने कळले.

रिंग भिंतीला कशाने दाबली जाते? थोडी तिच्या स्वतःच्या स्प्रिंगसारख्या ताणाने. पण मुख्यतः ज्वलनातल्या वायूच्या दाबाने. हा वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीकडे ढकलतो. इंजिनावर भार जितका जास्त, तितका हा दाब जास्त. गाडी नुसती उभी करून इंजिन चालू ठेवले, किंवा तासन्‌तास अगदी हलक्या पायाने चालवली, तर रिंगेला पुरेसा रेटा मिळत नाही. टोके झिजायच्या ऐवजी भिंतीवरचे तेल तापून तिथेच काचेसारखा गुळगुळीत थर धरू शकते. टाकी बुजलेल्या पाट्यासारखी गत. मग रिंगा धड बसत नाहीत आणि गाडी तेल खात राहते.

याचे उत्तम उदाहरण आकाशात सापडते. लहान विमानांची पिस्टन इंजिने बनवणारी लायकमिंग ही जुनी अमेरिकन कंपनी आहे. तिच्या सूचनेप्रमाणे नवे इंजिन सुरुवातीला ६५ ते ७५ टक्के ताकदीवर चालवायचे असते, आणि पहिले ५० तास किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत त्यात साधे खनिज तेल घालायचे असते. 'हळूहळू उडवा' असे ती म्हणत नाही. अर्थात विमानाचे हवेने थंड होणारे इंजिन आणि आपल्या गाडीचे पाण्याने थंड होणारे इंजिन यांत फरक आहे, त्यामुळे ती टक्केवारी आपण उचलायची नाही. पण तत्त्व एकच आहे. रिंगेला दाब हवा.

मग पूर्ण दाबून का पळवू नये? कारण उरलेली टोके घासताना उष्णता निर्माण होते आणि ती निघून जायला वेळ लागतो. मध्यम भार द्यायचा, मग पाय सैल करून थोडी उसंत द्यायची, पुन्हा भार द्यायचा, असे व्हायला हवे. पूर्ण भार सतत दिला तर ती उसंत मिळत नाही, आणि नव्या गिअर-बेअरिंगनाही तो ताण सोसावा लागतो. तेव्हा सहकाऱ्याने सांगितलेला दाब घ्यावा, त्याचा अतिरेक सोडून द्यावा.

पुस्तिका काय सांगते?

ही पुस्तिका बहुतेकांच्या गाडीत हातमोज्यांच्या खणात प्लॅस्टिकसकट पडून असते. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत साधारण असे लिहिलेले असते: पहिले ३०० किलोमीटर अचानक ब्रेक मारू नका. पहिले ८०० किलोमीटर मागे ट्रेलर जोडू नका. पहिले १,००० किलोमीटर, म्हणजे सुमारे ६२० मैल, अतिवेगाने चालवू नका, एकदम ॲक्सिलरेटर दाबू नका, सतत खालच्या गिअरमध्ये चालवू नका आणि फार वेळ एकाच वेगाने चालवू नका.

यातले शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. 'फार वेळ एकाच वेगाने चालवू नका.' म्हणजे बाबांचे पन्नास जसे बसत नाही, तसे क्रूझ कंट्रोल लावून इथून मिनिआपोलिसपर्यंत एका सुरात जाणेही बसत नाही. वेग बदलता ठेवा, हेच यातले मर्म आहे.

होंडाही पहिले ६०० मैल एकदम वेग घेणे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणे टाळायला सांगते. बीएमडब्ल्यूच्या साध्या पेट्रोल गाड्यांना १,२०० मैलांपर्यंत मिनिटाला ४,५०० फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते. कंपन्यांचे आकडे वेगवेगळे आहेत, पण रोख एकच आहे. तुमच्या गाडीला तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच लावा, शेजाऱ्याच्या गाडीतला नको.

हायब्रिड गाडीत इंजिन आपल्या मर्जीने चालू-बंद होते, त्यामुळे पाय जपून वापरण्यापलीकडे आपल्या हातात फारसे नसते. संपूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीत पिस्टनच नाहीत, तेव्हा रिंगा बसवण्याचा प्रश्नच मिटला. पण नव्या टायरांची आणि ब्रेकची काळजी तिलाही आहे. साच्यातून काढताना टायरवर राहिलेला निसरडेपणा जायला थोडे मैल लागतात, हे पावसात विसरू नये.

पहिले तेल लवकर बदलावे का?

पाट्याचे पहिले वाटण टाकतो, मग इंजिनाचे पहिले तेल का टाकू नये? बाबांचा हा पुढचा प्रश्न होता, आणि तो बिनतोड होता. झीज होते तेव्हा धातूचे अतिसूक्ष्म कण तेलात येतात हे खरेच आहे. पण त्यांना अडवायला तेलाचा फिल्टर बसवलेला असतो. पाट्याला तो नव्हता. होंडा तर पुस्तिकेत सांगते, की ठरलेल्या वेळेआधी पहिले तेल बदलू नका. जुळणीच्या वेळी भागांना जे खास वंगण लावलेले असते त्याचा अंश त्या पहिल्या तेलात असतो. याउलट बीएमडब्ल्यूच्या 'एम' जातीच्या वेगवान गाड्यांना १,२०० मैलांवर तेल बदलणे सक्तीचे असते. इथेही पुस्तिका सांगेल तेच खरे. दुकानदाराने 'नवी गाडी आहे, पाचशे मैलांवर तेल बदलून घ्या' असे सुचवले तर आधी पुस्तिका उघडावी, मग पाकीट.

थंडीतले दहा मिनिटांचे शेकणे

आपल्या शिकागोच्या हिवाळ्यात आणखी एक सवय पाहतो. सकाळी गाडी चालू करून ठेवायची, आत येऊन चहा घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांनी निघायचे. माणसाला ऊब मिळते, इंजिनाला नाही. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल दिले जाते. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवर जमते, तिथले तेल धुऊन काढते आणि खाली मुख्य तेलात मिसळते. नुसत्या उभ्या गाडीचे इंजिन तापायला वेळही फार लागतो. काचेवरचा बर्फ खरवडून झाला की अर्ध्या-एक मिनिटात निघावे आणि पहिली पाचदहा मिनिटे हलक्या पायाने चालवावे. तापमानाचा काटा मधोमध आला तरी तो पाण्याचा असतो. तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. नव्या गाडीला हा नियम दुप्पट लागू, आणि जुन्या गाडीलाही लागू.

खरा धोका पुढे आहे

इथवर वाचून कुणी म्हणेल, की इतके करून फायदा किती? प्रामाणिकपणे सांगायचे तर, पहिल्या सहाशे मैलांत थोडे इकडेतिकडे झाले म्हणून आजचे इंजिन बिघडण्याची शक्यता कमी आहे. इंजिने मरतात ती बहुधा पुढे, आणि तेलाअभावी. हे मला पुस्तकातून नव्हे, अनुभवातून कळले आहे.

सात वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी गाडी होती. तेल बदलण्याचा दिवस मी कधी चुकवला नाही, पण दोन बदलांच्या मध्ये बॉनेट एकदाही उघडले नाही. फेब्रुवारीतल्या एका रात्री आम्ही इंडियानापोलिसहून परत येत होतो. बायकोला सहावा महिना होता. आय-६५ वर लाफायेटच्या पुढे तेलाचा लाल दिवा लागला. 'पुढच्या एक्झिटला बघू' म्हणून मी गाडी तशीच चालवली. चार मैलांवर इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली. उणे बारा सेल्सिअस, शेजारून जाणारे ट्रक, आणि टो-ट्रक यायला लागलेला दीड तास. बायको एका शब्दाने बोलली नाही, आणि ते जास्त लागले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने डिपस्टिक काढून दाखवली. कोरडी. दुसरे इंजिन टाकायचे साडेचार हजार डॉलर, आणि गाडीची किंमत जेमतेम पाच. ती भंगारात गेली. यात दोष गाडीचा नव्हता, माझा होता.

हिशेब करून बघा. १,००० ते १,२०० मैलांत एक क्वार्ट तेल जळणे काही कंपन्या मान्य धरतात. त्याला त्या बिघाड म्हणत नाहीत. इंजिनात तेल साधारण पाच क्वार्ट. पूर्वी ३,००० मैलांवर तेल बदलत, तेव्हा जळणारे तेल आपोआप भरले जाई. आता कृत्रिम तेलामुळे कित्येक गाड्यांना १०,००० मैलांचा अवधी दिलेला असतो. १,२०० मैलांना एक क्वार्ट जळत असेल तर ६,००० मैलांत इंजिन कोरडे! आणि बऱ्याच गाड्यांत तो लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, तेलाचा दाब गेल्याचे दाखवतो. तो लागला की पुढची एक्झिट नाही, तिथेच कडेला थांबून इंजिन बंद करायचे.

नव्या गाडीतही पहिल्या काही महिन्यांत रिंगा बसेपर्यंत तेल किंचित जळू शकते. म्हणून महिन्यातून एकदा पातळी बघा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन तापलेले असू द्या, ते बंद करून पाचेक मिनिटे थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, काढून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कित्येक गाड्यांत त्या दोन खुणांमधले अंतर म्हणजे सुमारे एक क्वार्ट. काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, तिथे पातळी पडद्यावर दिसते.

पैशाची बाजू

अनेक कंपन्या इंजिन आणि गिअरबॉक्सची ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांची हमी देतात. ही हमी मागायची वेळ आली तर तुम्ही वेळेवर तेल बदलले याचा पुरावा लागतो. तेव्हा पावत्या जपा. घरी स्वतः बदलत असाल तर तेलाची आणि फिल्टरची पावती ठेवा आणि तारीख-मैल लिहून ठेवा. सर्व्हिसिंग विक्रेत्याकडेच केले पाहिजे, नाहीतर हमी जाईल, असे कुणी सांगितले तर मानू नका. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने अशी अट घालण्यास इथे मनाई आहे.

दुसरे, काही दोष तुमच्या चालवण्याने येत नाहीत आणि जातही नाहीत. मे २०२४ मध्ये टोयोटाने २०२२ आणि २०२३ सालच्या टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण यंत्रकामातला धातूचा कचरा काही इंजिनांत राहून गेला असण्याची शक्यता होती. अशा वेळी कितीही सांभाळून चालवली तरी उपयोग नाही. दर काही महिन्यांनी गाडीचा १७ अक्षर-अंकी क्रमांक एन.एच.टी.एस.ए. या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर घालून बघावा. फुकट आहे आणि दोन मिनिटांचे काम आहे. नव्या गाडीतून ठोकल्यासारखा आवाज आला, धूर निघाला किंवा तेल भराभर उतरू लागले, तर 'नवी आहे, बसेल हळूहळू' म्हणून थांबू नका. लेखी तक्रार करा.

थोडक्यात

१. पहिले ६०० मैल, किंवा तुमच्या पुस्तिकेत असेल तो आकडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. पण रांगतही चालवू नका.
२. वेग बदलता ठेवा. लांबचा क्रूझ कंट्रोलचा प्रवास शक्यतो नंतर करा.
३. उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवू नका. थंड इंजिनावर जोर देऊ नका.
४. पहिले ३०० किलोमीटर अचानक ब्रेक टाळा. अर्थात समोर हरिण आले तर ब्रेक मारा!
५. पहिले तेल पुस्तिका सांगेल तेव्हाच बदला.
६. महिन्यातून एकदा डिपस्टिक बघा. ही सवय गाडी असेपर्यंत सोडू नका.

आमच्या गाडीचे सांगायचे तर बाबांचा आणि पुस्तिकेचा तह झाला. आय-८८ सोडून आम्ही तीन रविवार हायवे ३४ ने ऑस्वेगो, तिथून रूट ७१ ने यॉर्कव्हिल आणि ऑटवावरून स्टार्व्हड रॉकला गेलो. गावात तीस, शेतांमधून पंचावन्न, पुन्हा गावात तीस. पाने रंगलेली होती, डब्यात बायकोने केलेले दशम्या-पिठले होते. बाबा म्हणाले, "त्र्यंबकला जाताना असंच वाटायचं." १,००० किलोमीटर झाले त्या दिवशी त्यांनी आपल्या डायरीत तारीख लिहिली आणि मला बॉनेट उघडायला लावले. डिपस्टिक मीच काढली, पण पुसायला रुमाल त्यांनी स्वतःचा दिला. तेल वरच्या खुणेपासून केसभर खाली होते.

बाबा मार्चमध्ये परत गेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोनवर प्रकृतीची चौकशी झाली की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "तेल बघितलंस का?" आता खोटे बोलायची वेळ येत नाही.

कुणाला डिपस्टिक कशी बघायची हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये भेटा. जुना रुमाल मात्र आपापला आणावा.